शहराजवळ कॅम्पिंग: घोडा, आरव्ही की तंबू, जागा शोधायची कशी?

अमेरिकेत नव्याने कॅम्पिंग सुरू करणारे बहुतेक जण फोनवर ‘कॅम्पग्राउंड निअर मी’ टाकतात आणि वर येईल ते उघडतात. वर येतात ती खासगी रिसॉर्ट्स आणि जाहिराती. अंतर कळतं, फोटो दिसतात. पण तीस फुटी गाडी आतल्या वळणावरून जाईल का, घोडा बांधायला जागा आहे का, रात्री पोराला घेऊन संडासापर्यंत किती चालायचं, यातलं काहीच कळत नाही. म्हणून शोध दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा. आधी आपलं माप काढायचं, मग जमीन कोणाची आहे ते बघायचं, आणि शेवटी एकेका साइटचा, म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या मुक्कामाच्या जागेचा, तपशील वाचायचा. जमिनीचा मालक कळला की बुकिंग कधी उघडतं, घोडा चालतो का, साइटवर किती माणसं राहू शकतात, यातलं निम्मं तिथेच उलगडतं.

१. आधी आपलं माप

टेप घ्या आणि गाडी प्रत्यक्ष मोजा. भाड्याच्या आरव्हीला, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीला, ‘२५ फुटी’ म्हणतात, पण मागे सायकलचा रॅक लावला की ती २८ होते. ट्रेलर असेल तर ट्रकच्या पुढच्या बंपरपासून ट्रेलरच्या शेवटच्या टोकापर्यंत मोजायचं, मधला हिचचा (जोडणीचा) दांडा धरून. साधारण अंदाज असा: पिकअप ट्रक २० फुटांच्या आसपास आणि त्यामागे दोन घोड्यांचा बंपर-पुल (ट्रकच्या मागे जोडायचा) ट्रेलर, मिळून ३५ ते ४० फूट. राहण्याची खोली असलेला गूसनेक (ट्रकच्या हौद्यात जोडायचा) ट्रेलर असेल तर सगळं मिळून ५० फुटांच्या वर जातं.

साइटच्या पानावर ‘ड्राइव्हवे लेंथ’ आणि ‘मॅक्स व्हेइकल लेंथ’ असे दोन आकडे असू शकतात. पहिला आकडा पक्क्या जागेचा, दुसरा परवानगीचा. दोन्ही वाचा आणि लहान तो खरा धरा. ट्रक सोडून बाजूला लावू, असं मनात असेल तर त्या साइटवर दुसऱ्या वाहनाची परवानगी आहे का, हेही बघावं लागतं.

उंचीही लिहून ठेवा. छतावर एसी असलेली क्लास सी (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, केबिनवर माळा असलेली) आरव्ही ११ ते १२ फूट उंच असते आणि रोजच्या वापरातल्या नकाशाच्या ॲपला तुमची उंची माहीत नसते. न्यूयॉर्कच्या आसपासच्या जुन्या पार्कवेंवरचे पूल इतके बुटके आहेत की तिथे अशी गाडी न्यायचीच नाही. आकडा मोठ्या अक्षरांत लिहून गाडीच्या काचेजवळ चिकटवा. भाड्याच्या गाडीत तो आठवत नाही.

मग माणसं, तंबू, वाहनं आणि घोडे यांची संख्या. आणि किती तास गाडी चालवायची ते. ट्रेलर ओढत असाल तर ॲप सांगेल त्या वेळेत निदान पाव वेळ वाढवा.

२. जमीन कोणाची?

शहराभोवती शंभर मैलांचं वर्तुळ काढा. त्यात चार प्रकारचे मालक सापडतील.

पहिला केंद्र सरकार. नॅशनल पार्क, नॅशनल फॉरेस्ट, बीएलएम (केंद्राच्या मोकळ्या जमिनी सांभाळणारं खातं) आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स (लष्कराचं बांधकाम खातं) या सगळ्यांचं बहुतेक बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या एकाच ठिकाणी होतं. बहुतेक साइट सहा महिने आधी, ईस्टर्न वेळेनुसार सकाळी १० वाजता, म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळी ७ वाजता उघडतात. काही कॅम्पग्राउंडचं वेळापत्रक वेगळं असतं, ते त्या-त्या पानावरच्या ‘सीझन्स’ विभागात दिलेलं असतं.

यात आर्मी कोअरचं नाव नवख्यांना माहीतच नसतं. पूर अडवायला आणि पाणी साठवायला कोअरने जी धरणं बांधली, त्यांतले कितीतरी तलाव आज मोठ्या शहरांच्या अगदी कडेला आहेत. अटलांटाजवळ लॅनियर आणि अलाटूना, डॅलसजवळ लुईसव्हिल आणि लॅव्हन. कोअरच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये साइट मोठ्या आणि सपाट असतात, विजेची सोय असते, आणि दर खासगीपेक्षा कमी असतात. पहिल्यांदाच आरव्ही घेऊन निघणाऱ्याने शोध इथून सुरू करावा. घोड्यांची सोय मात्र इथे क्वचितच मिळते.

घोडेवाल्यांसाठी नॅशनल फॉरेस्ट आणि राज्यांची जंगलं सर्वांत मोकळी. सोयी कमी, पाणी कधी असतं कधी नसतं, पण वाटा लांब आणि नियम घोडा गृहीत धरून केलेले. नॅशनल ग्रासलँड, म्हणजे सरकारी गवताळ माळ, हेही नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसकडेच असतात. डॅलस-फोर्टवर्थच्या वायव्येला डिकेटरजवळ एलबीजे नॅशनल ग्रासलँड आहे, तिथला टाड्रा पॉइंट घोडेस्वारांचाच तळ म्हणून ओळखला जातो.

दुसरा मालक राज्य. प्रत्येक राज्याचं बुकिंगचं संकेतस्थळ वेगळं आणि मुदतही वेगळी. कॅलिफोर्निया आणि मिशिगन सहा महिने आधी उघडतात, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन नऊ महिने, विस्कॉन्सिन अकरा. शेजारच्या राज्याची मुदत बघायला विसरू नका. शिकागोकर इलिनॉयमध्येच शोधत बसतात. पण विस्कॉन्सिनच्या केटल मोरेन जंगलाच्या दक्षिण भागात, पल्मायराजवळ, खास घोडेस्वारांचं कॅम्पग्राउंड आहे, आणि त्याच्या उन्हाळ्यातल्या तारखांसाठी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच कॅलेंडर उघडावं लागतं. डेन्व्हरला चॅटफिल्ड आणि चेरी क्रीक ही दोन राज्य उद्यानं शहराला लागून आहेत, दोन्हींत आरव्हीची चांगली सोय आहे. डॅलसच्या उत्तरेला रे रॉबर्ट्स तलावाच्या आयल दु बॉइस भागात घोड्यांच्या साइट आहेत.

तिसरा मालक काऊंटी, म्हणजे राज्यातला जिल्हा, आणि शनिवार-रविवारसाठी हाच सगळ्यात कामाचा. काऊंटीची पार्क मोठ्या बुकिंग संकेतस्थळांवर बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे तिथे गर्दी त्या मानाने कमी असते. वर्तुळात येणाऱ्या सहा-आठ काऊंटींची नावं काढा आणि प्रत्येकीपुढे ‘काऊंटी पार्क्स कॅम्पिंग’ जोडून शोधा. इलिनॉयमध्ये ‘पार्क’ऐवजी ‘फॉरेस्ट प्रिझर्व्ह’ असा शब्द वापरावा लागतो: शिकागोच्या कुक काऊंटीचे कॅम्प सलिव्हन आणि कॅम्प बुलफ्रॉग लेक तसे सापडतात. न्यूयॉर्कच्या उत्तरेला वेस्टचेस्टर काऊंटीचं क्रोटन पॉइंट हडसनच्या काठावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात सांता क्लारा काऊंटीचं जोसेफ डी. ग्रँट पार्क आणि सॅन मटेओ काऊंटीच्या सॅम मॅकडोनाल्ड पार्कमधला जॅक ब्रूक हॉर्स कॅम्प, ही दोन्ही नावं घोडेवाल्यांनी यादीत ठेवावीत. काऊंटीच्या रहिवाशांना बऱ्याच ठिकाणी दर कमी असतो किंवा बुकिंग आधी उघडतं. पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा.

चौथा मालक खासगी. केओए ही साखळी १९६२ पासून आहे, शिवाय स्थानिक आरव्ही पार्क अगणित. पूर्ण हुकअप (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी), पोहण्याचा तलाव, मुलांना खेळायची जागा, लाँड्री हे सगळं मिळतं आणि बुकिंग बहुधा आठवडाभर आधीही मिळतं. झाडं कमी आणि शेजाऱ्याची गाडी दहा-पंधरा फुटांवर, ही त्याची किंमत.

आणखी एक जागा यादीत हवीच: काऊंटीचं फेअरग्राउंड, म्हणजे जत्रेचं मैदान. तिथे जनावरांसाठी ठाण असतात आणि प्रदर्शनवाल्यांसाठी आरव्हीचे हुकअपही. जत्रा नसेल तेव्हा बरीच मैदानं दोन्ही भाड्याने देतात. निसर्ग वगैरे फारसा नाही, पण घोडा घेऊन लांब जाताना मधला मुक्काम करायला याहून सोयीचं काही नाही. ऑनलाइन माहिती जुनी असते, ऑफिसला फोनच करावा लागतो.

३. घोडा असेल तर

‘घोडे चालतात’ या वाक्याचे तीन वेगवेगळे अर्थ निघतात आणि नवखे इथेच फसतात. एक, दिवसा वाटांवर घोडा चालतो पण रात्री ठेवता येत नाही. दोन, घोड्यांचा ग्रुप कॅम्प आहे, म्हणजे दोघांसाठी पूर्ण जागेचं भाडं. तीन, घोड्यासह राहण्याच्या स्वतंत्र साइट आहेत. तुम्हाला बहुतेक वेळा तिसरं हवं असतं. उलट बाजूनेही नियम कडक आहे: घोड्यांच्या साइट पुष्कळ ठिकाणी घोडा बरोबर असेल तरच मिळतात. मोकळी दिसली म्हणून तंबूसाठी घेतली तर दारावरून परत पाठवतात.

पानावर या गोष्टी शोधा: कोरल (घोड्याचं कुंपण) आहे का आणि एका साइटला किती, हायलाइनसाठी (दावणीसाठी) खांब आहेत का, जनावरांसाठी पाणी आहे का, लीद टाकायला जागा कुठे. ‘कोरल’ लिहिलेलं असलं तरी साइटला दोनच असू शकतात, आणि तिसऱ्या घोड्याला त्यांत कोंबता येत नाही. हे लिहिलेलं नसेल तर रेंजर ऑफिसला फोन करून नेमका हाच प्रश्न विचारा.

कागदपत्रांत पहिली कॉगिन्स टेस्ट. इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया या रोगाची ही रक्ततपासणी. रोग गोमाश्यांसारख्या चावणाऱ्या माश्यांमधून पसरतो आणि त्यावर उपचार नाही, म्हणून कागद नसेल तर कॅम्पवाले गेटमधून आत घेत नाहीत. सहसा बारा महिन्यांच्या आतला निगेटिव्ह अहवाल लागतो. रक्त लॅबला जाऊन उत्तर यायला दिवस लागतात, तेव्हा निघायच्या तीन आठवडे आधी व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरला) बोलवा. राज्याची हद्द ओलांडणार असाल तर व्हेटचं आरोग्य प्रमाणपत्रही हवं, ते साधारण तीस दिवसच चालतं. पश्चिमेकडच्या काही राज्यांत मालकी सिद्ध करणारी ब्रँड इन्स्पेक्शनही (अंगावरच्या डागाची तपासणी) लागते. नियम जिथे जाताय त्या राज्याचा पाळायचा. निघता त्या राज्याचा नव्हे. वाटेत लागणारी राज्यंही बघून घ्या.

गवत हा दुसरा अडथळा. पश्चिमेकडच्या बऱ्याच नॅशनल फॉरेस्टमध्ये ‘सर्टिफाइड वीड-फ्री’ गवतच न्यावं लागतं, कारण लिदेतून तणाचं बी जंगलात पडतं आणि रुजतं. प्रमाणित गठ्ठ्याला जांभळी-पिवळी सुतळी किंवा शिक्क्याचा टॅग असतो. तो टॅग कॅम्प संपेपर्यंत फेकू नका, तपासायला येतात. हे गवत घरीच तीन-चार दिवस आधी सुरू करायचं. पोटातलं जुनं बी निघून जातं हा एक फायदा, आणि अचानक खाणं बदलल्याने पोटशूळ उठण्याचा धोका टळतो हा दुसरा. दुसरा फायदा मोठा.

हिशेब सोपा आहे. हजार पौंडांच्या घोड्याला रोज १५ ते २० पौंड गवत आणि ५ ते १० गॅलन पाणी. उन्हाळ्यात, चढावर, पाणी याहून जास्त. दोन घोडे आणि दोन दिवस म्हणजे ८० पौंड गवत, अर्थात पन्नास-पन्नास पौंडांचे दोन लहान गठ्ठे आणि वर थोडं उरेल. पाण्याचं खरं दुखणं वेगळंच: अनोळखी चवीचं पाणी काही घोडे पहिल्या दिवशी तोंडालाही लावत नाहीत. प्रवासाने आधीच शोष पडलेला, त्यात पाणी नाही, आणि रात्री पोट धरतं. घरचं पाणी वीसेक गॅलन बरोबर न्यावं आणि तिथलं त्यात हळूहळू मिसळत जावं. पहिल्या संध्याकाळी गवत भिजवून द्या.

कोरल नसेल तर हायलाइन, म्हणजे डोक्याच्या वर ताणलेली दावण. दोन धडधाकट झाडांना निदान दोन इंच रुंद पट्टे गुंडाळायचे. दोर थेट सालीवर बांधला तर साल कापली जाते आणि दंडही होतो. पट्ट्यांमध्ये दोर सात-आठ फूट उंचीवर, शक्य तितका ताठ. घोड्याचं वजन पडलं की तो झोल देतोच. दोरावर घोडा जिथे बांधायचा तिथे न सरकणारी कडी किंवा गाठ हवी, नाहीतर सगळे घोडे सरकत एका टोकाला जमतात आणि लाथाळी सुरू होते. झाडापासून पहिला घोडा सहा-आठ फूट दूर, म्हणजे तो मुळं उकरणार नाही आणि साल चघळणार नाही. मोरकीचा दोर किती लांब सोडायचा? घोड्याने मान खाली घातली तर नाक जमिनीजवळ पोहोचावं, त्याहून बोटभरही जास्त नाही. लांब दोरात रात्री पाय अडकतो, आणि पाय अडकलेला घोडा थांबून विचार करत नाही. हे सगळं आधी घरी किंवा तबेल्यात एक पूर्ण रात्र करून बघा. कॅम्पवर पहिल्यांदा दावणीला लागलेला घोडा सकाळपर्यंत खड्डा खणून ठेवतो.

ओढा किंवा तळं जवळ असेल तर घोडे किमान २०० फूट लांब बांधा. लीद एका घोड्यामागे दिवसाला पन्नास पौंडांपर्यंत होते. ती ठरवलेल्या खड्ड्यात किंवा डब्यात जाते, कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये नाही. फावडं, पंजा आणि मोठी बादली आठवणीने घ्या. निघताना उकरलेली जमीन सपाट करून जायचं.

स्वतःचा घोडा नसलेल्यांनी घोड्यांच्या साइट शोधण्यात वेळ घालवू नये. साध्या कॅम्पग्राउंडजवळ परवानाधारक तबेला आहे का ते बघा. तिथे फोन करून तीनच गोष्टी विचारा: मुलांचं किमान वय, स्वाराचं कमाल वजन, हेल्मेट तिथे मिळतं का. या तिन्हींवरून बेत फिसकटताना दिसतात.

४. आरव्ही असेल तर

‘हुकअप’ म्हणजे तीन वेगळ्या जोडण्या: वीज, पाणी, सांडपाणी. तिन्ही असतील तर फुल हुकअप. दोन रात्रींसाठी फुल हुकअपचे जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही. वीज-पाणी असलेली साइट घ्या आणि निघताना कॅम्पग्राउंडच्या डम्प स्टेशनवर टाक्या रिकाम्या करा. फक्त डम्प स्टेशन आहे आणि ते चालू आहे, याची खात्री करून घ्या.

वीज ३० अँपिअर की ५० अँपिअर, ते गाडीच्या वायरीवरून कळतं: तीन दांड्यांचा प्लग ३० चा, चार दांड्यांचा ५० चा. ३० अँपिअरवर १२० व्होल्टने एकूण ३६०० वॉट मिळतात. छतावरचा एसी तेरा-चौदा अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह बारा-तेरा. म्हणजे दोन्ही चालू असताना कोणी इन्स्टंट पॉट किंवा केस वाळवायचं यंत्र लावलं की ब्रेकर पडला. नवख्यांना वाटतं कॅम्पग्राउंडची वीज खराब आहे. वीज ठीक असते, बेरीज चुकलेली असते. स्वयंपाकापुरता एसी बंद ठेवा. ५० च्या खांबाला ३० ची गाडी अडॅप्टरने जोडता येते. उलटही जोडता येते, पण वीज ३० चीच मिळते. खांबावरचा ब्रेकर बंद करूनच प्लग लावायचा आणि मध्ये सर्ज प्रोटेक्टर घालायचा.

पाण्याच्या नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, मग पाइप. ४० ते ५० पीएसआयच्या वर दाब गेला तर गाडीतल्या प्लास्टिकच्या नळ्यांचे सांधे सुटतात, आणि गळती कळते ती गादी ओली झाल्यावर. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, पांढरा किंवा निळा. टाकी धुवायचा पाइप त्याला चुकूनही लावू नका.

सांडपाण्याच्या दोन टाक्या: संडासाची काळी, मोरी आणि शॉवरची करडी. फुल हुकअप असला तरी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं, मागे घट्ट ढीग साचतो आणि वाळतो, मग तो काढायला माणूस बोलवावा लागतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की काळी आधी सोडा, करडी नंतर, म्हणजे करड्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे घाला. चार माणसं गाडीतच अंघोळ करणार असतील तर तीस-चाळीस गॅलनची करडी टाकी दुसऱ्या दिवशीच भरते. कॅम्पग्राउंडचे शॉवर वापरा.

रविवारी सकाळी ११ च्या आसपास सगळा कॅम्प एकदम डम्प स्टेशनवर येतो. नऊच्या आधी गेलात तर रांग टळते.

साइट निवडताना पुल-थ्रू (एका टोकाने आत, दुसऱ्याने बाहेर) मिळाली तर तीच घ्या, गाडी मागे घ्यावी लागत नाही. बॅक-इन असेल तर वळण चालकाच्या बाजूला येईल अशी निवडा, म्हणजे खिडकीतून मागचा कोपरा दिसतो. जोडण्या गाडीच्या डाव्या बाजूला असतात, त्यामुळे खांबही त्याच बाजूला हवा. एक माणूस खाली उतरून मागे उभा राहिलाच पाहिजे, आणि त्याने वरसुद्धा बघायचं: एसीचं झाकण फांदीनेच फुटतं. लांब क्लास सी गाडीचं मागचं धूड मागच्या चाकांच्याही बरंच मागे गेलेलं असतं. पुढचं टोक डावीकडे वळवलं की मागचं उजवीकडे फेकलं जातं आणि पेट्रोल पंपाच्या खांबाला घासतं. भाड्याच्या गाड्यांचे ओरखडे बहुतेक तिथलेच. पंपावरून निघताना आधी सरळ पुढे या, मग वळा.

गाडी उभी केल्यावर आधी डावी-उजवी बाजू लेव्हल करा, ट्रेलर असेल तर चाकांना अटकण लावा, मगच हिच सोडा, आणि शेवटी पुढे-मागे लेव्हल करा. अटकण लावायच्या आधी हिच सोडला की ट्रेलर निघालाच. गॅसवर चालणारा फ्रिज तिरक्या गाडीत नीट चालत नाही, फार वेळ तसाच ठेवला तर कायमचा जातो.

५. तंबू आणि मुलंबाळं

‘सहा जणांचा’ तंबू म्हणजे सहा जण खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर. चौघांच्या कुटुंबाला तोच घ्या. साइटवर तंबूसाठी ठरावीक चौकोन असेल तर त्याचं माप तंबूच्या मापाशी ताडून पाहा. एका साइटवर सहसा सहा ते आठ माणसं आणि दोन वाहनं चालतात. तीन-चार कुटुंबं एकत्र जाणार असतील तर लागून दोन साइट किंवा ग्रुप साइट घ्या. एकाच साइटवर पंधरा जण जमले की रात्री दहाला रेंजर येतो. दहा ते सहा शांततेची वेळ असते आणि ती खरोखर पाळली जाते.

लहान मुलं असतील तर साइट संडासाजवळ हवी पण अगदी दारात नको. रात्रभर दिवा आणि दाराचा आवाज येतो. तिसरी-चौथी साइट बरोबर. ‘व्हॉल्ट टॉयलेट’ म्हणजे खोल खड्ड्याचा, पाणी नसलेला संडास. स्वच्छ असतो, पण मुलांना आधी सांगून ठेवा. पाण्याकाठची साइट फोटोत सुंदर दिसते, पण चार वर्षांच्या मुलामागे दिवसभर धावावं लागतं. कॅम्पग्राउंडच्या गोल रस्त्याच्या आतल्या फेऱ्यातली साइट घ्या, तिथे मुलांना सायकलही चालवता येते.

अस्वलांच्या भागात खाणं लोखंडी लॉकरमध्ये ठेवायचं. खाणं म्हणजे ज्याला वास आहे ते सगळं: मसाल्याचा डबा, टूथपेस्ट, बाळाचे वाइप्स, कार सीटखालचे बिस्किटाचे तुकडे. योसेमिटीत रात्री गाडीतही काही ठेवता येत नाही, अस्वल दार वाकवून काढतं. लॉकरचं आतलं माप पानावर दिलेलं असतं. मोठा कूलर त्यात मावतो का बघा.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेला एमराल्ड ॲश बोरर हा भुंगा मुख्यतः सरपणातून राज्याराज्यांत पोहोचला. न्यूयॉर्कमध्ये तर प्रक्रिया न केलेलं लाकूड पन्नास मैलांपलीकडे नेणं बेकायदा आहे. कॅम्प होस्टकडे (कॅम्पग्राउंडवर राहून देखरेख करणाऱ्याकडे) किंवा वाटेवर विकत घ्या. उन्हाळ्यात शेकोटीबंदी असू शकते, म्हणून गॅसची शेगडी बरोबर हवीच, आणि ती तरी चालते का हे बंदीच्या सूचनेत वाचा.

भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर अनेक जण केंद्र सरकारच्या जागांवर सवलत देणाऱ्या सीनियर पासचं विचारतात. तो पास ६२ किंवा त्याहून जास्त वयाच्या अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतो, व्हिजिटर व्हिसावर नाही.

६. साइट नक्की करणं आणि बुकिंग

कॅम्पग्राउंड ठरलं की नकाशा उपग्रहाच्या दृश्यात उघडा. सावली कुठे आहे, हायवे आणि रेल्वेरूळ किती जवळ, फेऱ्याचं वळण किती आवळ, हे तिथे दिसतं. पानाच्या वर आलेल्या लाल-पिवळ्या सूचना आधी वाचा: पाणी बंद, पूल दुरुस्ती, आगीमुळे वाटा बंद. नंतर अभिप्राय वाचा, पण फक्त तुमच्याच आकाराच्या गाडीवाल्यांचे. तंबूवाल्याने ‘प्रशस्त’ म्हटलेल्या साइटवर पन्नास फुटी जोडी बसेलच असं नाही.

पाच साइटचे क्रमांक पसंतीच्या क्रमाने लिहून ठेवा. बुकिंग उघडायच्या दहा मिनिटं आधी लॉगिन करा, कार्डाची माहिती आधीच भरून ठेवा, आणि ठोका पडला की थेट त्या क्रमांकावर जा. मुदत मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे गुरुवारी पोहोचणाऱ्याला शुक्रवार-शनिवारही एक दिवस आधी धरता येतात आणि शुक्रवारवाल्यांना काही उरत नाही. गुरुवारची सुट्टी खरंच मिळत असेल तर लोकप्रिय जागी हाच मार्ग.

हुकलं तरी हताश होऊ नका. लोक सहा महिने आधी धरतात आणि शेवटच्या दोन आठवड्यांत सोडतात, विशेषतः हवामानाचा अंदाज आल्यावर. रिक्रिएशन डॉट गव्हवर साइट मोकळी झाल्याची सूचना मागवता येते. रविवार ते गुरुवार बहुतेक जागा उन्हाळ्यातही मिळतात. ‘फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह्ड’ जागांवर शुक्रवारी संध्याकाळी जाण्यात अर्थ नाही. गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी चेकआउटच्या वेळेला, अकराच्या सुमारास, तिथे असा. घोडे आणि मोठी आरव्ही घेऊन मात्र अशा भरवशावर निघूच नका. जागा नाही मिळाली तर चाळीस फुटांचं धूड वळवायला रस्ताही मिळत नाही.

रद्द करायचं असेल तर वेळेत करा. रिक्रिएशन डॉट गव्हवर साधारण १० डॉलर कापतात, पण पोहोचण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. उशीर होणार असेल तर घाबरून रद्द करू नका: तिथल्या बुकिंगची साइट दुसऱ्या दिवशीच्या चेकआउटच्या वेळेपर्यंत राखून ठेवतात. राज्य, काऊंटी आणि खासगी जागांचा नियम वेगळा असू शकतो आणि काही ठिकाणी गेट रात्री बंद होतं, म्हणून निघतानाच ऑफिसला एक फोन करा आणि गेटचा कोड लिहून घ्या, कारण बऱ्याच कॅम्पग्राउंडवर फोनला रेंज नसते.